मागण्याआधी हिशेब



सभागृहाच्या छपरासाठी आम्ही दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांना पत्रे धाडली, हे आपणास ठाऊक आहे. मुंबई, वसई, पुणे आणि आखात मिळून बासष्ट पत्रे गेली. उत्तरे आली नऊ. अर्थ समितीच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, महागाई वाढली आहे. कोणी म्हणाले, नव्या पिढीला गावाची ओढ राहिली नाही. तेवढ्यात समितीतल्या एका सभासदाने आखातातून आलेल्या फोनची हकिकत सांगितली. फोन करणारा आपल्याच धर्मग्रामातला, इथेच पहिला कम्युनियन घेतलेला. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "काका, वादळाच्या वेळी मी पाच हजार पाठवले होते. त्यांचे काय झाले ते आधी कळवा, मग छपराचे बघू."

बैठकीत कोणी काही बोलले नाही. कारण आम्ही त्याला काहीच कळवले नव्हते. त्याला नाही आणि इतरांनाही नाही.

म्हणून या रविवारचा अभ्यासलेख देणगी मागण्याविषयी आहे, आणि त्याहून अधिक, मागितल्यानंतर काय करायचे असते त्याविषयी आहे.

आंजर्ल्याचे पत्रे

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याचा तडाखा आपल्या दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीलाही बसला. आंजर्ले, केळशी, हर्णै, मुरुड या गावांत माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली झाडे नातवाच्या डोळ्यांदेखत एका दुपारीत गेली. घरांची कौले उडाली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात टाळेबंदी. मुंबईचा चाकरमानी गावी येऊ शकत नव्हता आणि गावचा माणूस बाजाराला जाऊ शकत नव्हता.

त्या आठवड्यात आम्ही फोनवरून मदत मागितली आणि ती आली. कोणी बँकेतून पाठवली, कोणी दुसऱ्याच्या हाती दिली. एका आजींनी रुमालाच्या गाठीतली दोनशेची नोट काढून दिली आणि पावती नको म्हणाल्या. त्या पैशांतून आंजर्ल्यातल्या आणि खाडीकाठच्या घरांना पत्रे, हुक, वासे आणि धान्य दिले. घर कोणत्या धर्माचे आहे हे पाहिले नाही. युवकांनी पावसात उभे राहून पत्रे ठोकले. वह्या नीट ठेवल्या, दुकानांच्या पावत्या चिकटवल्या, लेखापरीक्षकाने सही केली. आपल्या विश्वस्त संस्थेचा हिशेब कायद्याप्रमाणे दर वर्षी तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो, तसा तोही गेला. सरकारला हिशेब मिळाला. ज्यांनी पैसे दिले त्यांना मात्र आजतागायत दोन ओळींचे पत्र गेले नाही.

आम्ही एक पैसाही इकडचा तिकडे केला नव्हता, त्यामुळे मन निर्धास्त होते. पण देणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. पैसे पाठवले, त्यानंतर काही ऐकू आले नाही, आणि काही वर्षांनी दारात नवे पत्र आले तेही पुन्हा पैशांसाठीच. प्रामाणिक समिती आणि अप्रामाणिक समिती यांतला फरक त्याला तिकडे बसून कसा समजावा?

पूल ओलांडल्यावर

या विषयाचा अभ्यास करायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पाजपंढरी, मग हर्णै आणि पुढे मुरुड. हे मुरुड म्हणजे धोंडो केशव कर्वे यांचे गाव. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे आजोळी झाला, पण बालपण मुरुडला गेले. महर्षी, स्त्रीशिक्षणाचे अग्रणी, १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालेले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मात्र हा मनुष्य आयुष्यभर लोकांच्या दारात उभा राहून देणगी मागत होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकते. आपल्या दृष्टीने तीच मुख्य आहे.

त्यांची सुरुवात गावापासून झाली. मुंबईत शिकत आणि शिकवण्या करीत असताना त्यांनी बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुरुडकरांकडून थोडी थोडी वर्गणी गोळा करून 'मुरुड फंड' उभा केला. गावाच्या उपयोगाची कामे व्हावीत, मुलांना शिकता यावे, हा उद्देश होता. आज कोकणातल्या प्रत्येक वाडीचे मुंबईत मंडळ असते आणि गणपतीआधी पावतीपुस्तक फिरते; तसाच हा प्रकार, फक्त सव्वाशे वर्षांहून जुना.

मग १८९३ साल आले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. त्या काळी हा गुन्हाच. ज्या गावासाठी फंड जमवला त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. देणगी मागणाऱ्याची सगळी पुंजी म्हणजे लोकांचा त्याच्यावरचा विश्वास, आणि तो विश्वास स्वतःच्या घरापासूनच तुटलेला. अशा अवस्थेत १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. विधवांना आसरा आणि शिक्षण देण्यासाठी लोकांकडे पैसे मागायचे होते, आणि बहुतेक लोकांना हे काम नकोच होते.

त्यांनी काय केले? पहिली देणगी स्वतःची दिली. साठवलेले एक हजार रुपये त्यांनी संस्थेला दिले. ते तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि तिथल्या प्राध्यापकांचा पगार बेताचाच असे. त्यामुळे हजार रुपये म्हणजे घरातली गंगाजळीच. मग सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून मागायला सुरुवात केली. जो देईल त्याचे घ्यायचे, जो नाही म्हणेल त्याच्याशी वाद घालायचा नाही. ते वक्ते नव्हते, आवाजही मोठा नव्हता. पण संस्थेचे वार्षिक अहवाल छापून निघत, त्यात जमाखर्च असे, आणि चार आणे देणाऱ्यालाही आपले पैसे कुठे गेले हे पाहता येई.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण महापुरुषांच्या चरित्रात ती बहुधा गाळली जाते. स्वतःचे सगळे संस्थेला देणाऱ्याच्या घरी चूल कोण पेटवतो? आनंदीबाईंनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात संसाराच्या ओढाताणीबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. आपल्या धर्मग्रामातही दर रविवारी पदरमोड करून कामे करणारी काही माणसे आहेत. त्यांच्या घरच्यांना आम्ही कधी विचारले नाही, की तुमचे कसे चालले आहे. हे आमच्या लक्षात हा लेख तयार करताना आले.

पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम त्या माळावर गेला. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवून पायी हिंगण्याला जात. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावे, अशी ती उघडी झोपडी होती. मोठे देणगीदार फार नंतर आले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. लोकांना हे पंधरा लाख तेवढे आठवतात. त्याआधी वीस-पंचवीस वर्षे आणे-पैशांचा हिशेब छापला गेला होता, हे फारसे कोणाला आठवत नाही.

आणखी एक गंमत. विद्यापीठाची कल्पना कर्वे यांच्या मनात पक्की झाली ती एका छापील पुस्तिकेमुळे. बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांना पाठवली होती. कामाच्या गर्दीत ती तशीच पडून राहिली आणि १९१५ साली त्यांनी ती वाचली. टोकियोतल्या कुणीतरी आपल्या कामाची माहिती नेटकेपणाने छापून ठेवली, तिचा परिणाम पुण्यात झाला. आपला अहवाल कोण वाचणार, असे म्हणून तो न छापणाऱ्यांनी (यात आम्हीही आलो) हे ध्यानात घ्यावे.

ज्यांच्यासाठी मागायचे, त्यांचे काय?

वादळानंतर आमच्या हातून दुसरीही एक चूक घडली, आणि तिच्याबद्दल आतापर्यंत कोणीच उघडपणे बोलले नव्हते. लोकांना मदतीची निकड कळावी म्हणून आम्ही काही घरांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यात ताडपत्रीखाली पातेले घेऊन बसलेल्या एका बाईंचा फोटो होता. तो खूप फिरला आणि त्यामुळे पैसेही आले. पण तो फिरत फिरत त्यांच्या मुलाच्या मुंबईतल्या कामाच्या ठिकाणी पोहोचला. पुढे आम्ही पत्रे घेऊन गेलो तेव्हा त्या बाईंनी चहा दिला, आभार मानले आणि निघताना म्हणाल्या, "पत्रे मिळाले हो बाबा, पण माझ्या मुलाला तिकडे मान खाली घालायला लावलीत."

आम्ही त्यांची परवानगी मागितली नव्हती. घाईत होतो, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही.

याच्या उलट चित्र पार्वतीबाई आठवले यांचे आहे. त्याही आपल्याच जिल्ह्यातल्या, देवरुखच्या, आनंदीबाईंच्या भगिनी. लहान वयात वैधव्य आलेले, केशवपन झालेले, अक्षरओळख उशिरा झालेली. आश्रमात शिकून त्या आश्रमाच्याच कार्यकर्त्या झाल्या आणि देणग्या जमवण्यासाठी गावोगाव हिंडल्या. विधवेचे दुःख लोकांना सांगायला त्यांना कुणाचा फोटो दाखवावा लागला नाही. त्या स्वतः उभ्या राहून, स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या शब्दांत बोलत. १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला मदत मिळवण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र महिला मंडळाने जरूर मिळवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे.

ज्याला गरज आहे त्याने स्वतःहून बोलणे वेगळे, आणि आपण त्याला न विचारता लोकांपुढे मांडणे वेगळे. यापुढे मदत मागताना कुणाचाही चेहरा अथवा नाव त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय वापरायचे नाही, असा ठराव समितीने केला आहे. उडालेल्या छपराचा, पडलेल्या माडाचा फोटो चालेल. त्यानेही काम भागते.

दहा वर्षांचे वचन

देणगी मागताना जे सांगितले तेच पुढे केले पाहिजे, हे ऐकायला सोपे वाटते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ते किती अवघड ठरले ते पाहू.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच्या विक्रीतूनही कामासाठी पैसे उभे राहिले. त्या गावोगाव बोलल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी भारतात काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे वचन या मंडळाने दिले. ठिकठिकाणी लहान लहान मंडळे निघाली. त्यांतल्या बायका ठरावीक वर्गणी देत आणि कामाची खबर घेत. आजच्या भाषेत दर महिन्याला देणारे सभासदच ते. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढे ते पुण्याला गेले. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या तिथल्याच सुरुवातीच्या विद्यार्थिनी.

शारदा सदनात धर्माचा प्रचार होणार नाही, मुलींनी आपापला धर्म पाळावा, असे जाहीर केले होते. त्या भरवशावर न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार मंडळावर आली. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. यात दडपण किती आणि मुलींची ओढ किती, यावर तेव्हा मोठा वाद झाला आणि अभ्यासक आजही वेगवेगळी मते मांडतात. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी मंडळी बाहेर पडली आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

आपण ख्रिस्ती आहोत, त्यामुळे रमाबाईंची बाजू घेण्याचा मोह आपल्याला होतो. त्यांची श्रद्धा आणि त्यांचे धैर्य याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण ज्या पालकाने एक शब्द ऐकून आपली मुलगी तिथे ठेवली, त्याच्याकडूनही पाहावे लागते. आपले म्हणणे बदलत असेल तर ते आधी जाऊन सांगायला हवे, लोकांना बाहेरून कळता कामा नये. छोट्या प्रमाणात हे आपल्यालाही लागू आहे. वादळनिधीतली उरलेली रक्कम सभागृहाच्या छपराला वापरावी, अशी सूचना बैठकीत आली होती. सूचना वाईट नव्हती, पैसे पडूनच आहेत. पण ते वादळग्रस्त घरांसाठी मागितलेले आहेत. देणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, असे ठरले.

रमाबाईंनी मात्र आपल्या बाजूने एक गोष्ट नेमाने केली. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, १८९८ साली, त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि मदत देणाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. केलेल्या कामाचा अहवाल आधी आणि पुढच्या मदतीची गोष्ट नंतर.

संत पौलाची खबरदारी

यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने मासेदोनिया आणि अखया इथल्या ख्रिस्तसभांकडून वर्गणी गोळा केली होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय घरी शांतपणे वाचा. दानावरचे प्रवचन म्हणून आपण ते नेहमी ऐकतो, पण त्यात अर्थ समितीसाठीही बरेच काही आहे. पौल एकटा पैसे घेऊन निघत नाही. तीत सोबत आहे, आणि ख्रिस्तसभांनी स्वतः निवडून दिलेला आणखी एक बंधूही आहे. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, देवासमोर तर खरेच पण माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसावा, असे तो स्पष्ट लिहितो. साक्षात प्रेषिताला ही काळजी घ्यावीशी वाटली. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणून रागावणाऱ्या कोषाध्यक्षांनी हा अध्याय दोनदा वाचावा.

आणि फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय म्हणजे देणगी पोहोचल्याचे पत्रच आहे. मदत एपफ्रदीतच्या हाती पोहोचली हे तो कळवतो, पूर्वी थेस्सलनीकेत असताना त्यांनी पाठवलेलेही विसरलेला नाही, आणि त्या पत्रात पुन्हा काही मागत नाही.

आता आपले पत्र

छपराच्या निधीचे आवाहन आम्ही तूर्त थांबवले आहे. त्याआधी वादळनिधीचे पत्र जाईल. मसुदा लिहायला बसलो तेव्हा सोपे वाटले होते, पण दोन बैठका गेल्या. आंजर्ल्यातल्या एका घराला आपण संपूर्ण छप्पर दिले आणि वर्षभरात ते कुटुंब पुण्याला निघून गेले. घर आज कुलूपबंद आहे. पहिल्या खेपेचे पत्रे पातळ निघाले, खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजले. समितीतल्या एका ज्येष्ठांचे म्हणणे होते, "हे कशाला लिहायचे? लोक म्हणतील पैसे वाया घालवले." दुसरा पक्ष म्हणाला की देणारे आपलेच, किनाऱ्यावर वाढलेले, खारा वारा काय असतो हे त्यांना आपण सांगायला नको. शेवटी लिहायचे ठरले. ज्येष्ठांना ते अजून पटलेले नाही, हेही नमूद करतो.

पत्राचा मसुदा असा आहे:

"प्रिय बंधू / भगिनी, जून २०२० च्या वादळानंतर आपण पाठवलेली मदत आम्हाला मिळाली होती. तेव्हाच कळवायला हवे होते, ते आमच्याकडून राहिले. त्याबद्दल क्षमा असावी. निधीत एकूण ३,४२,६०० रुपये जमा झाले. पत्रे, हुक व लाकूड यांसाठी २,४१,३०० रुपये, वाहतूक व मजुरीसाठी ३८,५०० रुपये आणि धान्यासाठी ४६,२०० रुपये खर्च झाले. १६,६०० रुपये शिल्लक आहेत. २७ घरांची छपरे दुरुस्त झाली. त्यांतले एक घर आता बंद आहे. पहिल्या खेपेचे पत्रे हलके निघाले. पुढच्या खेपेला जाड घेतले. शिल्लक रक्कम गंजलेले पत्रे बदलायला वापरावी असा विचार आहे. आपले मत वेगळे असल्यास जरूर कळवावे. या पत्रासोबत कोणतीही नवी मागणी नाही."

शेवटचे वाक्य राहू द्यायचे की नाही, यावरही चर्चा झाली. राहिले.

हे पत्र दोनशे रुपये देणाऱ्या आजींनाही जाईल आणि वीस हजार देणाऱ्यालाही, मजकूर तोच. आजींना वाचता येत नाही, म्हणून युवक संघटनेतले कोणीतरी जाऊन वाचून दाखवेल. सभागृहातल्या देणगीदारांच्या फलकावर ठरावीक रकमेच्या वरचीच नावे कोरायची पद्धत आहे. ती बदलावी की काय, हा प्रश्न पाळकीय परिषदेपुढे ठेवला आहे. आमच्यातही यावर एकमत नाही, कारण फलकावरच्या नावासाठी मोठी रक्कम देणारेही आहेत आणि छपराला पैसे लागतातच.

काही व्यावहारिक गोष्टी. पावती नको म्हणणाऱ्यालाही यापुढे पावती दिली जाईल; ती त्याच्यासाठी नसली तरी आपल्या वहीसाठी लागते. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची आणि वहीत दोघांनीही सही करायची. परदेशातून येणाऱ्या पैशांबाबत पुष्कळांचा गोंधळ आहे. परदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१० नुसार परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला संस्थेची केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा परवानगी लागते. आखातात नोकरीला असलेल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. पण ज्याने इंग्लंड वा कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे तो नात्याने आपला असला तरी कायद्याने परदेशी आहे. आपल्या खात्याची अशी नोंदणी नसल्यामुळे त्याची देणगी घेता येणार नाही. दुसऱ्याच्या नावावर फिरवून पाठवण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

ज्यांचे पत्ते बदलले आहेत त्यांची यादी अपुरी आहे. आपल्या घरातून कोणी वादळाच्या वेळी मदत पाठवली असेल तर त्यांचा सध्याचा पत्ता किंवा फोन क्रमांक मिस्सानंतर कार्यालयात द्यावा. वादळनिधीची मूळ वही आणि पावत्यांची फाइल या व पुढच्या रविवारी सभागृहात टेबलावर ठेवलेली असेल. कोणीही उघडून पाहावी. समितीचे दोन सभासद तिथे बसतील, आणि आखातातून फोन करणाऱ्या आपल्या बंधूच्या आईला पहिल्या रविवारी मुद्दाम बोलावले आहे.